नागपुरात घर बांधताना एलिव्हेशन शेवटी काढा

मे महिन्यात दुपारी चारच्या सुमारास बेसा, मनीषनगर किंवा मानेवाड्याकडच्या एखाद्या नव्या लेआउटमधून चक्कर मारा. हौसेनं केलेल्या काचेच्या दर्शनी भागाला आतून वर्तमानपत्रं चिकटवलेली दिसतील. गॅलरीवर हिरवी नेट ताणलेली असेल. आणि ज्या भिंतीवर महागडं क्लॅडिंग लावलं, तिच्याच खिडकीत लोखंडी स्टँडवर कूलर चढलेला असेल, खाली गंजाचे ओघळ. नकाशात ऊन आणि कूलर यांना जागा दिली नाही, की ते नंतर अशी आपली जागा करून घेतात.

म्हणून कामाचा क्रम बदला. आधी ऊन, मग कूलर-एसीच्या जागा, मग खिडक्या, मग गच्ची, आणि एलिव्हेशनचं, म्हणजे दर्शनी भागाचं, चित्र या सगळ्यानंतर. बहुतेक घरांत उलटं होतं. मोबाइलवर दाखवलेला थ्रीडी आधी पसंत पडतो आणि मग खोल्या त्याच्या मागे कशाबशा बसवल्या जातात. या शहरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं आहे, आणि डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या खालीही जातो. मधे चार महिने पाऊस. एकाच भिंतीला हे तिन्ही ऋतू काढायचे असतात.

ऊन कुठून, किती वाजता

नागपूर साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. इथला सूर्य २१ डिसेंबरला भर दुपारी दक्षिणेकडे ४५ अंशांवर असतो, मार्च आणि सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात ६९ अंशांवर, आणि मेच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत तो डोक्यावरून किंचित उत्तरेकडे सरकतो. एवढ्या तीन आकड्यांवर छज्ज्याचा हिशेब होतो.

दक्षिणेची खिडकी उगाच बदनाम आहे. चार फूट उंच खिडकीच्या लगेच वर दोन फुटांचा छज्जा काढला, तर मार्चच्या दुपारी त्याची सावली पाच फुटांच्या वर पडते, म्हणजे पूर्ण खिडकी झाकली जाते. डिसेंबरात हीच सावली जेमतेम दोन फूट येते आणि खालच्या अर्ध्या खिडकीतून हवंहवंसं ऊन आत येतं. उन्हाळ्यात बंद आणि हिवाळ्यात उघडा असा हा पडदा दोन फूट काँक्रीटमध्ये मिळतो.

पश्चिमेला मात्र हाच छज्जा नुसता शोभेचा. मेच्या मध्यात चार वाजता सूर्य जवळपास सरळ पश्चिमेला, ३६ अंशांवर उतरलेला असतो. दोन फुटांच्या छज्ज्याची सावली तेव्हा दीड फूट पडते, पाच वाजता एक फूटही नाही. उरलेल्या काचेतून ऊन थेट पलंगावर. पश्चिमेला आडवा छज्जा रुंद करत जाण्यात पैसे घालू नका. तिथे उभा आडोसा लागतो.

उत्तर बाजू निर्धोक समजून सोडून देतात, तेही चुकतं. जूनमध्ये सूर्य मावळतो तो पश्चिमेच्या पंचवीस अंश उत्तरेला, त्यामुळे संध्याकाळचं तिरपं ऊन उत्तरेच्या खिडकीत शिरतं. तिथे एक फुटाचा छज्जा आणि खिडकीच्या पश्चिम कडेला दीड फुटाची उभी पट्टी पुरते.

पश्चिम दर्शनी प्लॉट

हा सगळ्यात अवघड प्रकार, कारण जी बाजू मिरवायची तीच भाजणारी. नऊ इंची विटेच्या भिंतीतून उष्णता आत पोचायला सहा-सात तास लागतात. चार वाजता तापलेली भिंत रात्री दहा-अकराला खोलीत गरमी सोडते, नेमकी झोपायच्या वेळी. म्हणून पश्चिमेला जिना, न्हाणीघर, संडास, स्टोअर, कपाटांची भिंत असं काहीतरी आणा. बेडरूम तिथे ठेवावीच लागली, तर ती भिंत आठ इंची एएसी ब्लॉकची (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांची) करा किंवा मधे दोन इंच हवेची पोकळी ठेवून दुहेरी बांधा. कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांतल्या राखेमुळे फ्लाय ॲश विटा इथे सहज मिळतात, मजबूतही असतात. पण उष्णता अडवण्यात त्या एएसीच्या जवळपासही येत नाहीत. सगळं घर विटेत आणि फक्त पश्चिम भिंत ब्लॉकमध्ये, असं करता येतं. फक्त जिथे दोन्ही जुळतात तिथे प्लास्टरखाली सहा-आठ इंच रुंद जाळी ठोकायला विसरू नका, नाहीतर त्या सांध्यावर उभी भेग हमखास पडते.

तळमजल्यावर दर्शनी भागात छपरी (व्हरांडा) काढा, सहा-सात फूट खोल. जुन्या महाल-इतवारीतल्या वाड्यांना चौक आणि ओसरी असायची. सेवाग्रामच्या बापू कुटीत भिंती मातीच्या, पण त्यांच्यावर उन्हाचा मारा होऊ नये म्हणून कवेलूचं (कौलांचं) छप्पर पुढे काढून खाली उतरवलेलं आहे. त्या कुटीची शोभा त्या उतरत्या छपरातच आहे. छपरी हीच आपली एलिव्हेशन, असं धरून चाललं की पुढचा निम्मा वाद मिटतो.

वरच्या मजल्यावर जाळी. इथे लोक हमखास फसतात. सध्या लेझरनं कापलेल्या पत्र्याच्या नक्षीदार जाळ्यांचं पेव फुटलं आहे. तो पत्रा दोन-तीन मिलिमीटर जाड असतो. त्याची निम्मी जागा भोकांची असेल, तर निम्मं ऊन तसंच आत येतं, वर तापलेला पत्रा भिंतीवर उष्णता टाकतो. जाळीचं काम तिची नक्षी करत नाही, तिची खोली करते. सिमेंटची किंवा भाजक्या मातीची जाळी घ्या आणि भोकाची उंची व खोली यांचं प्रमाण पाहा. चार इंच खोल जाळीत चार इंच उंच भोक असेल, तर चारच्या उन्हातला पाव हिस्सा आत येतो आणि पाच वाजता निम्म्याहून जास्त. तेच भोक दोन इंच उंच ठेवलं, तर साडेचारपर्यंत एक कवडसाही येत नाही. म्हणजे खोली ही उंचीच्या दुप्पट. रुंदी हवी तेवढी घ्या, नक्षीला तिथे वाव आहे.

जाळी भिंतीला चिकटवू नका. मधे दोन फूट अंतर हवं, त्याची दोन कारणं: मधली तापलेली हवा वर निघून जाते, आणि माणूस आत उभा राहून झाडू मारू शकतो. नागपुरात जाळी म्हणजे कबुतरांचं बाळंतघर. शिरायला जागा नसलेली जाळी दुसऱ्या वर्षी विष्ठेनं भरते आणि त्या बाजूची खिडकी कायमची बंद होते.

झाड लावायचं तर पश्चिमेला कडुनिंब. मार्च-एप्रिलमध्ये त्याला नवी पालवी येते आणि मेमध्ये दाट सावली असते. बहावा फुलांसाठी कितीही मोहक असला तरी ऐन एप्रिल-मेमध्ये त्याची पानं झडलेली असतात. तो पूर्वेला शोभतो. जमीन काळ्या मातीची असेल तर झाड पायापासून पंधरा-वीस फूट लांब ठेवा. मुळं ओल ओढतात, माती आकसते आणि भिंत तडकते. तेवढी जागा नसेल तर जाळीवर मधुमालतीचा वेल चढवा.

कूलर हा पाहुणा नव्हे

एसी असलेल्या घरातही कूलर असतोच, आणि मेमध्ये तो काम चोख करतो. बाहेर ४५ अंश आणि हवा अगदी कोरडी असेल, तर चांगला कूलर २८-३० अंशांची हवा देतो. पाऊस सुरू झाला की तोच कूलर नुसता दमटपणा वाढवतो. म्हणजे घराला दोन्हींची सोय लागते: कूलरला खिडकी उघडी हवी, एसीला बंद.

कूलरसाठी उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या भिंतीला तीन बाय तीन फुटांचा कोनाडा नकाशातच काढा, खाली काँक्रीटचा ओटा, वर छज्जा. भिंतीत दोन बाय दोनचं भोक आणि त्याला आतून बंद होणारी झडप, म्हणजे हिवाळ्यात गार वारा आणि पावसाळ्यात डास येत नाहीत. कोनाड्यात अर्ध्या इंची नळ, तळाशी बाहेर जाणारा ड्रेन पाइप आणि पाण्याच्या पातळीच्या वर विजेचा पॉइंट. या पॉइंटला अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळका करंट ओळखून वीज तोडणारा स्विच) असलाच पाहिजे. ओल्या हातानं कूलरला शिवून शॉक लागल्याच्या बातम्या विदर्भात दर उन्हाळ्यात येतात. कूलरची मागची-बाजूची ताटी भिंतीपासून किमान सहा इंच सुटी राहू द्या. नाहीतर हवा कमी ओढली जाते आणि भिंतीला ओल धरते.

किती मोठा कूलर? खोलीचे घनफूट काढा आणि दोननं भागा. १२ बाय १२ ची, दहा फूट उंच खोली म्हणजे १४४० घनफूट, तिला मिनिटाला सुमारे ७२० घनफूट हवा फेकणारा कूलर हवा. तेवढीच हवा बाहेरही गेली पाहिजे. त्यासाठी समोरच्या बाजूला दीड चौरस फूट तरी मोकळं ठेवा, म्हणजे तीन फूट उंच खिडकी सहा इंच उघडी. ‘कूलर लावला तरी चिकचिक होते’ ही तक्रार आली की आधी समोरची खिडकी पाहावी.

याच हिशेबानं डबल हाइट हॉलकडे बघा. पंधरा बाय बाराच्या हॉलची उंची दहावरून वीस फूट केली की १८०० चे ३६०० घनफूट होतात. कूलर दुप्पट, एसीही मोठा, पंखा दहा-अकरा फूट दांड्यावर, आणि वरची जळमटं काढायला भाड्यानं शिडी. उंची हवीच असेल तर ती जिन्याच्या भागात घ्या आणि जिन्याच्या माथ्यावर उघडणारे झरोके ठेवा. रात्री खिडक्या उघडल्या की गरम हवा तिथून निघून जाते. बसायची खोली दहा-साडेदहा फुटांची बरी.

एसीच्या बाहेरच्या युनिटला तीन बाय दोन फुटांची जागा, शक्यतो पश्चिम टाळून. ते कुरूप दिसतं म्हणून त्याला नक्षीच्या पेटीत कोंडतात. मग त्यानं फेकलेली गरम हवा तोच पुन्हा ओढतो आणि भर दुपारी ट्रिप होतो. पुढचा भाग किमान तीन फूट मोकळा ठेवा. झाकायचंच तर खालून दिसू नये एवढी बुटकी भिंत पुरे. पाणी जाणारा एक इंची पाइप प्लास्टरआधी भिंतीत, उतार देऊन बसवून घ्या.

खिडकी: मोठी दिसते की मोठी उघडते?

इको-निवास संहिता २०१८ या घरांच्या ऊर्जा-बचतीच्या नियमावलीत नागपूर संमिश्र हवामानाच्या गटात येतं. त्यानुसार उघडणाऱ्या खिडक्या-दारांचं क्षेत्र कार्पेट एरियाच्या किमान साडेबारा टक्के असावं. आपली १२ बाय १२ ची खोली १४४ चौरस फुटांची, म्हणजे १८ चौरस फूट उघडायला हवं. आता त्या खोलीला ६ बाय ४ ची सरकती खिडकी लावली. दिसायला २४ चौरस फूट. पण दोन पट्ट्यांची स्लायडिंग निम्मीच उघडते: १२. जाळीसाठी तिसरा ट्रॅक टाकला तरी काचा दोनच, उघडणं तेवढंच, वर डासांच्या जाळीनं वारा आणखी कमी होतो. हीच खिडकी कब्ज्यांवर उघडणारी केली तर २१ चौरस फुटांच्या वर हवा खेळते. बेडरूमला कब्ज्यांची, रस्त्याकडच्या हॉलला पाहिजे तर सरकती, अशी वाटणी करा. आणि एका भिंतीला मोठी खिडकी ठेवण्यापेक्षा दोन भिंतींना दोन मध्यम ठेवा. वारा एका बाजूनं येऊन दुसरीकडून गेला तरच तो वारा.

एक झरोका छताजवळ, आठ फुटांच्या वर. जुन्या घरांत असायचा, फॉल्स सीलिंगनं तो गिळला.

काच घेताना रंग विचारू नका, एसएचजीसी विचारा, म्हणजे उन्हातली किती उष्णता आत येते तो आकडा. साध्या सहा मिलिमीटर काचेचा तो ०.८ च्या आसपास असतो. पश्चिमेला ०.३ च्या आतली काच घ्या. निळ्या आरशासारख्या स्वस्त काचेतून दिवसा बाहेरून आतलं दिसत नाही, पण रात्री दिवा लावला की रस्त्यावरून आतलं सगळं दिसतं, हेही घेणाऱ्याला कोणी सांगत नाही. आतल्या जाड पडद्याचा उपयोग कमी, कारण ऊन तोवर काचेच्या आत आलेलं असतं. बांबूची चिक बाहेरून सोडा. छज्ज्याखाली चार हूक स्लॅब ओततानाच अडकवून ठेवले की पुढे भोकं पाडावी लागत नाहीत.

सपाट, छज्जा नसलेला दर्शनी भाग फोटोत छान दिसतो. पहिल्या पावसाळ्यात खिडकीच्या चौकटीतून पाणी झिरपतं, दुसऱ्यात भिंतीवर काळे ओघळ येतात. छज्जा असला तरी त्याच्या खालच्या बाजूला, कडेपासून इंचभर आत, अर्ध्या इंचाची खाच मारून घ्या; नाहीतर पाणी खालून सरकत भिंतीला लागतं. खिडकीच्या तळाच्या दगडाला अर्धा इंच बाहेर उतार द्या.

गच्ची

वरच्या मजल्याचं सुख गच्चीवर ठरतं, पीओपीवर नाही. फॉल्स सीलिंगमुळे स्लॅब तापायचा थांबत नाही, फक्त तो दिसेनासा होतो. उष्णता स्लॅबमध्ये शिरायच्या आधीच अडवायची तर थर वरून हवेत. खालून वर क्रम असा: स्लॅब, वॉटरप्रूफिंगचा लेप, ५० मिलिमीटर जाड एक्सपीएस (उष्णता अडवणारा दाट फोम) शीट, त्यावर विटांच्या तुकड्यांचा कोबा, आणि वर पांढऱ्या चायना मोझॅकचे तुकडे. उतार शंभरास एक. लेप झाल्यावर शीट टाकण्याआधी पाणी कोंडून ४८ तास ठेवा आणि खालून ओल पाहा. कोबा झाल्यावर गळती कुठून आहे ते शोधणं म्हणजे सगळं उकरणं.

जुन्या गच्चीवर एवढं शक्य नसेल तर मार्चमध्ये चुना. गच्ची घासून धुवा, चुना गाळून त्यात चिकटण्यासाठी फेविकॉल घाला, ओलसर पृष्ठभागावर दोन हात द्या. पावसात तो धुपतो, म्हणून दरवर्षीचं काम. पांढरं मोझॅकही शेवाळ-धुळीनं काळवंडलं की निम्मं काम सोडतं. तेही होळीच्या आसपास घासून घ्यावं.

फॉल्स सीलिंग हवंच असेल तर कडेला पट्टी काढा, मधला भाग मोकळा ठेवा. पंख्याचं पातं छतापासून किमान एक फूट खाली आणि जमिनीपासून आठ फूट वर हवं. कूलर चालणाऱ्या खोलीत पूर्ण पीओपी ओल धरतं आणि डाग पडतात.

आता सजावट

या टप्प्यावर दर्शनी भागाचा मोठा वाटा आपोआप ठरलेला असतो: छपरीची आडवी रेघ, जाळीचा पट्टा, छज्ज्यांच्या सावल्या, कूलरचा कोनाडा. आर्किटेक्टला सांगा की याच वस्तूंची मापं आणि रेषा जुळवा, नवं काही चिकटवू नका. सगळ्या छज्ज्यांचा तळ एका पातळीत आणला, खिडक्यांच्या रुंदी दोनच प्रकारच्या ठेवल्या, की साधं घरही रेखीव दिसतं. खर्च शून्य.

दगडी क्लॅडिंग डोक्याच्या वर न्यायचं असेल तर नुसत्या चिकटवणाऱ्या लगद्यावर विसंबू नका, क्लिपा किंवा पिना लावा. पश्चिमेची भिंत दिवसा तापते, रात्री निवते, आणि दगड त्या ओढाताणीत सुटतो. एसीपी (ॲल्युमिनियमचं कॉम्पोझिट पॅनेल) लावलं तर मागची पोकळी खाली-वर उघडी ठेवा, म्हणजे निदान भिंतीला सावली तरी मिळते.

काळ्या मातीच्या प्लॉटवर मोठ्या आकाराच्या टाइल्सची हौस करण्याआधी पाया नीट पाहा. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. प्लिंथमध्ये (जोत्यात) खोदलेली काळी माती परत भरू देऊ नका, मुरूमच भरा, थराथरानं पाणी मारून ठोकून. घराभोवती तीन फूट रुंद काँक्रीटची पट्टी बाहेर उतार देऊन घाला, आणि पायाचा प्रकार स्ट्रक्चरल इंजिनीअरकडूनच ठरवून घ्या.

बाकी आत: जिन्याची पायरी साडेसहा इंच उंच, दहा-अकरा इंच रुंद, मधे पोकळी असलेल्या अधांतरी पायऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या घरात नकोतच. न्हाणीघरात खरखरीत फरशी. स्वयंपाकाचा ओटा जी व्यक्ती रोज उभी राहते तिच्या कोपरापासून चार-पाच इंच खाली, बहुधा ३२ ते ३४ इंच.

रंग सर्वांत शेवटी, आणि कार्डावरून नाही. पांढरट रंग उन्हाचा साधारण पाव हिस्सा शोषतो, सध्याचा लाडका गडद राखाडी ऐंशी-नव्वद टक्के. पसंत केलेल्या तीन-चार रंगांचे तीन बाय तीन फुटांचे पट्टे पश्चिमेच्या भिंतीवर मारून ठेवा, आणि नवतपा (मेअखेरचे तापलेले नऊ दिवस) सुरू असताना चार वाजता एकेकावर तळहात टेकवा. ज्यावर दहापर्यंत मोजून होत नाही, तो उत्तरेच्या भिंतीवर किंवा छपरीच्या आतल्या बाजूला न्या.